जितका उशीर, तितकं मोठं हत्यार
दातांच्या दवाखान्यातल्या साधनांची ओळख



गटाच्या बैठकीत आपण बीपी, शुगर, अंगात रक्त कमी असणं यावर बोलतो. दातांचा विषय निघाला की मात्र बऱ्याच जणी हसतात आणि तोंडावर पदर धरतात. दाढ ठणकली की लवंग धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची आणि पुन्हा कामाला लागायचं. मुलाच्या आजारपणासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेणारी ताई स्वतःच्या दाढेसाठी वर्ष-वर्ष थांबते. का, असं विचारलं तर पैसे आणि वेळ ही दोन कारणं येतातच. तिसरं कारण हळू आवाजात येतं : "त्या खुर्चीची आणि हत्यारांची भीती वाटते."

म्हणून या अंकात त्या हत्यारांची ओळख करून घेऊया. खाली ती मुद्दाम क्रमाने दिली आहेत. वेळेवर गेलं तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन साधनांवर काम भागतं. उशीर झाला की यादीत खाली-खाली जावं लागतं, आणि खर्चही तसाच वाढत जातो.

खुर्ची, दिवा आणि नळी

खुर्ची मागे झुकते, कारण डॉक्टरांना वरच्या दाढा दिसायला हव्यात. वरचा दिवा फक्त उजेडासाठी असतो. बाजूला चूळ टाकायला छोटं बेसिन असतं. तोंडात जी वाकडी प्लास्टिकची नळी अडकवतात ती लाळ आणि पाणी ओढून घेते. तिचा आवाज येतो, पण ती टोचत नाही. मध्येच काही त्रास झाला तर डावा हात वर करायचा, असं डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा.

आरसा, आकडा आणि चिमटा

तपासणीच्या ट्रेमध्ये ही तीन साधनं असतात. लांब दांडीचा छोटा गोल आरसा दाढेची मागची बाजू दाखवतो आणि जीभ, गाल बाजूला धरायलाही कामी येतो. टोकदार आकड्याला प्रोब म्हणतात. दात कुठे मऊ पडलाय, कीड किती आत गेलीय, हे त्याने समजतं. हिरडी दातापासून किती सुटलीय ते मोजायला रेषा आखलेला वेगळा प्रोब असतो. चिमट्याने कापूस ठेवतात. दातांची नेहमीची तपासणी एवढ्यावरच होते. त्यात इंजेक्शन नाही आणि कापाकापीही नाही.

एक्स-रे

दोन दातांच्या मधली कीड किंवा मुळाशी झालेला पू आरशात दिसत नाही. त्यासाठी तोंडात छोटी पट्टी धरून एक्स-रे काढतात. दुखत नाही, काही क्षणांचं काम असतं. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा.

दात साफ करायचं मशीन

याला स्केलर म्हणतात. त्याचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि त्यातून पाणी येतं. दातावर दगडासारखा चिकटलेला थर त्याने सुटतो. "साफ केल्याने दात ढिले होतात" हा समज सगळ्या गावांत आहे. खरं म्हणजे दात ढिला होतो तो त्या थराखाली हिरडी आणि हाड खराब झाल्यामुळे. थर निघाला की मधली फट दिसते, म्हणून आपल्याला तसं वाटतं.

फिरतं मशीन आणि निळा लाईट

जास्त भीती याच आवाजाची. या मशीनला एअरोटर म्हणतात. त्याचं बारीक टोक हवेच्या दाबावर मिनिटाला ३ ते ४ लाख वेळा फिरतं. दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा येतो. ते फक्त किडलेला भाग काढतं. मग खड्ड्यात सिमेंट किंवा दाताच्या रंगाचा मसाला भरतात. रंगाचा मसाला निळ्या लाईटखाली थोड्या वेळात कडक होतो. त्या लाईटकडे एकटक बघायचं नाही.

इंजेक्शन आणि बारीक फाईल

कीड नसेपर्यंत पोचली की रूट कॅनल करावं लागतं. आधी हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन देतात. टोचल्याचं जाणवतं, नंतर ओठ जड होतो. हे बधिरपण दोन-तीन तास राहू शकतं. तोवर गरम चहा नको आणि जेवणही नको, कारण गाल चावला गेला तरी कळत नाही. नंतर सुईसारख्या बारीक फाईलने मुळाच्या आतली नळी साफ करतात. फाईलच्या मुठीचे वेगवेगळे रंग जाडी ओळखण्यासाठी असतात.

एलेव्हेटर आणि पक्कड

दात वाचण्यासारखा उरला नाही की हे शेवटचं साधन. पहारीने दगड हलवतो तसा एलेव्हेटरने दात आधी सैल करतात, मग पक्कड लावतात. वरच्या, खालच्या, पुढच्या दातांसाठी आणि दाढांसाठी पकडी वेगवेगळ्या असतात. दात काढल्यावर कापसाची घडी अर्धा तास दाबून धरायची. त्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, सारखं थुंकायचं नाही आणि मिश्री तर लावायचीच नाही. "वरची दाढ काढली की नजर जाते" हेही खोटं आहे. दाताची नस वेगळी आणि नजरेची नस वेगळी.

शुगर, बीपी, हृदयाचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

हत्यारं स्वच्छ आहेत का, हे विचारा

रक्त लागलेलं हत्यार नीट निर्जंतुक केलं नाही तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतं. ते प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालतं : दाबाखालची वाफ, १२१ अंश तापमान आणि किमान १५ मिनिटं. नुसतं उकळलेलं पाणी किंवा डेटॉलचा वाडगा पुरत नाही. बंद पिशवीतली हत्यारं तुमच्यासमोर उघडली का? सुई आणि हातमोजे नवे आहेत का? हे विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

बाजारात रस्त्यावर बसून दात काढणाऱ्याकडे ऑटोक्लेव्ह नसतं. कायद्याप्रमाणे दंतवैद्याची नोंदणी झालेली असावी लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. दवाखान्यात बीडीएस पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा.

त्याच आरशात कॅन्सरची पहिली खूण दिसते

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते" असं म्हणणाऱ्या ताईलाही तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणं, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. ३० वर्षांवरील सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई फॉर्म भरायला येईल तेव्हा मिश्रीची गोष्ट लपवू नका. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर सल्ला मिळतो.

कुठे जायचं?

आधी सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारा. नवी मुंबई परिसरात डेंटल कॉलेजं बरीच आहेत : नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम, खारघरला वायएमटी. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो आणि फेऱ्याही होतात, म्हणून सकाळी लवकर केस पेपर काढा. उरणच्या ताईंना जानेवारी २०२४ पासून लोकलने थेट नेरूळला जाता येतं.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यात दातही बघतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. कोणाकोणाचा दात सहा महिन्यांपासून दुखतोय, याची यादी करा.
२. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या ताईंची तपासणी आधी ठरवा.
३. चार-पाच जणी मिळून एकाच दिवशी जा. सोबत असली की भीती निम्मी होते.
४. उपचाराआधी पूर्ण खर्च विचारून घ्या. गरज पडली तर दातासाठीही अंतर्गत कर्ज मागा आणि ठरावात तसं लिहा. ताईची दाढ हेही आजारपणच आहे.