केसांची गोळी, प्रोस्टेटची गोळी : औषध एकच, नोंद आवश्यक

वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची माहिती सोप्या शब्दांत देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा फिनास्टेराइड या औषधाचा परिचय करून देत आहोत. एकाच घरात वडील हे औषध प्रोस्टेटच्या वाढीसाठी व मुलगा केसगळतीसाठी घेत असतो. परंतु दोन्ही गोळ्यांत औषध एकच आहे, याची कल्पना अनेकदा दोघांनाही नसते.

पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे एका विकराच्या साहाय्याने डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर होते. गर्भावस्थेत मुलाची बाह्य जननेंद्रिये घडविण्यात डीएचटीचा मोठा वाटा असतो. उतारवयात मात्र त्याच्याच प्रभावाने प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्गावर दाब येतो, आणि आनुवंशिक कल असणाऱ्यांच्या केसांची मुळे क्षीण होतात.

या ज्ञानाला डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासाने मोठी चालना मिळाली. तेथे हे विकर जन्मतःच अपुरे असलेली मुले आढळली. जन्मवेळी ती मुलींसारखी दिसत; वयात आल्यावर पुरुषी लक्षणे प्रकट होत. डॉ. ज्युलिएन इम्पेरातो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. अशा पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहते, या निरीक्षणातून ते विकर रोखणाऱ्या औषधाची दिशा सापडली. अमेरिकेत फिनास्टेराइडला ५ मिलिग्रॅम मात्रेत प्रोस्टेटवाढीसाठी १९९२ मध्ये आणि १ मिलिग्रॅम मात्रेत केसगळतीसाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ड्युटास्टेराइड हे त्याच वर्गातील अधिक प्रभावी औषध होय.

या औषधाचा गुण सावकाश येतो. लघवीच्या त्रासात फरक जाणवण्यास सुमारे ६ महिने लागू शकतात, म्हणून डॉक्टर पुष्कळदा त्वरित आराम देणारे दुसरे औषध जोडीला देतात. केसांच्या बाबतीतही काही महिने धीर धरावा लागतो, आणि गोळी थांबविल्यावर मिळालेला लाभ हळूहळू ओसरतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पीएसए या रक्ततपासणीचा. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासण्यासाठी ती केली जाते. हे औषध ६ ते १२ महिने घेतल्यावर पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. केसांसाठीच्या १ मिलिग्रॅम गोळीनेही तो उतरतो. समजा, अहवालात २.५ हा आकडा आला, तर डॉक्टर तो दुप्पट, म्हणजे ५ धरून विचार करतात. गोळीची माहितीच नसेल, तर तो २.५ निर्धोक वाटून पुढील तपासणी राहून जाण्याचा धोका असतो. ताळेबंदातील एक नोंद राहिली की अखेरची शिल्लक फसवी ठरते, तसाच हा प्रकार आहे. औषध चालू असताना आकडा वाढू लागल्यास तो कमी दिसत असला तरी डॉक्टरांना दाखवावा.

रक्तदात्यांनीही लक्षात ठेवावे, की फिनास्टेराइडच्या शेवटच्या गोळीनंतर १ महिना आणि ड्युटास्टेराइडनंतर ६ महिने रक्तदान करू नये. ते रक्त गर्भवतीस दिले गेल्यास तिच्या पोटातील मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीस बाधा येऊ शकते. याच कारणास्तव गर्भवतींनी फुटलेल्या वा चुरा झालेल्या गोळ्यांना हात लावू नये.

काही रुग्णांत कामेच्छा कमी होणे, लैंगिक दुर्बलता किंवा मनाची उदासी आढळते. क्वचित गोळी थांबविल्यावरही लैंगिक तक्रारी टिकल्याच्या नोंदी आहेत. युरोपीय औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. घरातील तरुण अबोल, खिन्न दिसू लागल्यास कुटुंबीयांनी संकोच न बाळगता डॉक्टरांशी बोलावे.

हे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे औषध आहे. तपासणीस येताना केसांच्या गोळीसह सर्व औषधांची पाकिटे सोबत आणून केसपेपरवर त्यांची नोंद करवून घ्यावी, ही सर्व रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना नम्र विनंती.