‘कुठे सापडला?’ विचारणारा वॉलेस

उत्क्रांती म्हटलं की आपल्याला डार्विन आठवतो. बीगल जहाज, गालापागोस बेटं, फिंच पक्ष्यांच्या चोची, एवढं शाळेच्या पुस्तकातूनच कळतं. आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नाव मात्र मला कॉलेज संपल्यावर, तेही अचानक, एका जुन्या पुस्तकात भेटलं. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही. आपल्या अंकाच्या तरुण वाचकांशी त्याची ओळख करून द्यावी असं बरेच दिवस मनात होतं.

डार्विनच्या पाठीशी श्रीमंत वडील होते. १८२३ साली वेल्समध्ये जन्मलेल्या वॉलेसच्या घरचे पैसे मात्र बुडालेले. चौदाव्या वर्षीच शाळा सुटली आणि मोठ्या भावाच्या हाताखाली तो जमीन मोजणीचं काम करू लागला. शेतातून, डोंगरातून हिंडता हिंडता झाडांचं वेड लागलं, पुढे बेट्स नावाच्या मित्रामुळे भुंगेऱ्यांचं. १८४८ मध्ये हे दोघे ॲमेझॉनच्या जंगलात गेले. पोटापाण्याची सोय अशी की, पक्षी आणि किडे जमवायचे, लंडनच्या एजंटाकडे पाठवायचे आणि त्याने ते हौशी संग्राहकांना आणि संग्रहालयांना विकायचे.

चार वर्षांनी परत निघाला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट, जो मदतीला म्हणून आला होता, पीतज्वराने पारा शहरात गेलेला होता. आणि ऑगस्ट १८५२ मध्ये भर अटलांटिक समुद्रात जहाजाला आग लागली. जमवलेलं जवळजवळ सगळं जळालं. माणसं दहा दिवस उघड्या होड्यांत तरंगत होती, मग एका जहाजाने उचललं. वाचली ती थोडी चित्रं आणि टिपणं. एजंटाने विमा उतरवून ठेवला होता म्हणून निदान उपासमार टळली.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. वॉलेसने त्याच वर्षी लंडनमध्ये ॲमेझॉनच्या माकडांवर एक निबंध वाचला. वरवर अगदी साधा विषय, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्याने म्हटलं की मोठ्या नद्या या माकडांच्या सरहद्दी आहेत: एका काठावर एक जात, पलीकडच्या काठावर तिची भावकी. तिथल्या शिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ठराविक प्राणी हवा असला की ते सरळ नदी ओलांडत. विद्वानांना मात्र पत्ता नव्हता, कारण संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘ब्राझील’ लिहिलेलं असायचं. नदीचा कुठला काठ, हे कोणी लिहीतच नसे. जमिनीच्या हद्दी मोजण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे खटकलं यात नवल नाही.

१८५४ मध्ये तो सिंगापूरला उतरला आणि पुढची आठ वर्षं आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर भटकला. १८५५ मध्ये सारावाकला असताना त्याने लिहिलं की प्रत्येक नवी जात तिच्याशी जवळचं नातं असलेल्या आधीच्या जातीच्या आसपासच, त्याच प्रदेशात आणि त्याच काळात दिसते. म्हणजे नातं आहे. ते कसं घडतं, हे अजून सापडायचं होतं.

१८५६ च्या जूनमधली गोष्ट. त्याला जायचं होतं मकासरला, पण सिंगापूरहून सरळ जाणारं जहाज मिळेना. म्हणून बालीमार्गे जाणारं एक गलबत पकडलं. बालीत दोन दिवस मुक्काम झाला, मग समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून तो लोंबोक बेटावर उतरला. बालीत त्याने तांबट, सुतार, बुलबुलांसारखे पक्षी पाहिले होते. हा तांबट आपल्या ओळखीचा. आमच्या वडोदऱ्यात उन्हाळाभर वडा-पिंपळावर बसून ‘टुक टुक टुक’ करत भांडी ठोकतो, त्याचीच जात जावा-बालीपर्यंत पसरलेली आहे. लोंबोकवर वॉलेसला हे पक्षी दिसेनात. तिथे होते पांढरे काकाकुवा, मध पिणारे वेगळेच पक्षी, आणि पालापाचोळ्याचा माणसापेक्षा उंच ढीग रचून त्यात अंडी पुरून ठेवणारी एक कोंबडीसारखी जात. ही सगळी ऑस्ट्रेलियाकडची मंडळी. मधला समुद्र तीस-पस्तीस किलोमीटरचा, हवा तशीच, झाडीही फारशी वेगळी नाही.

एकेक प्राणी त्या त्या जागेसाठीच निर्माण केला असेल, तर सारख्या हवेच्या दोन शेजारी बेटांवर इतका फरक कशाला? वॉलेसने उत्तर समुद्राच्या खोलीत शोधलं. बालीपासून जावा, सुमात्रा, बोर्निओपर्यंतचा समुद्र उथळ आहे, तिथे कधीकाळी जमीन सलग असणार. बाली आणि लोंबोकमधलं पाणी मात्र फार खोल. आज आपल्याला माहीत आहे की हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती. तेव्हा बाली आशियाला जोडलं गेलं, लोंबोक नाही. ही हद्द आज ‘वॉलेस रेषा’ म्हणून नकाशात दाखवतात. अर्थात ती भिंत नव्हे, काही पक्षी पलीकडे पोहोचलेले आहेतच. पण मकासरचं जहाज वेळेवर मिळालं असतं तर आपण या दोन बेटांवर गेलोच नसतो, असं वॉलेसने स्वतः लिहून ठेवलं आहे.

फेब्रुवारी १८५८ मध्ये तो टर्नाटे बेटाच्या परिसरात होता. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग मुळात याच बेटांची. हिवतापाने अंग थरथरत असताना त्याला माल्थसचं लोकसंख्येवरचं पुस्तक आठवलं. जन्मतात त्यातले बहुतेक जीव मरतात, मग जगतात ते कोण? परिस्थितीला थोडे अधिक जुळणारे. त्यांचेच गुण पुढच्या पिढीत उतरतात. आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं तर मूळ जातीपासून वेगळी जात तयार होते. दोन संध्याकाळी बसून त्याने हे लिहून काढलं आणि डाकेने पाठवलं. कोणाला? डार्विनलाच.

जूनमध्ये पत्र पोहोचलं आणि डार्विन हादरला. वीस वर्षं तो याच कल्पनेवर काम करत होता, छापलं मात्र काही नव्हतं. लायेल आणि हुकर या त्याच्या मित्रांनी तोडगा काढला. १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत डार्विनची जुनी टिपणं आणि वॉलेसचा लेख एकत्र वाचले गेले. डार्विन हजर नव्हता, तीनच दिवसांपूर्वी त्याचं तान्हं मूल गेलं होतं. वॉलेसला कोणी विचारलंसुद्धा नाही. पत्र जाऊन उत्तर यायला काही महिने लागले असते हे खरं, पण मला विचाराल तर थांबायला हवं होतं. वॉलेसची स्वतःची तक्रार नव्हती. उलट एवढ्या मोठ्या माणसांनी आपला लेख वाचला याचा आनंद त्याने आईला कळवला, आणि पुढे १८८९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘डार्विनिझम’ ठेवलं.

आठ वर्षांत त्याने सव्वा लाखाहून जास्त नमुने जमवले, त्यात आठ हजार पक्षी. आज हा आकडा वाचून पोटात कालवतं. आरू बेटांवर राजबिंडा स्वर्गीय पक्षी हाती आल्यावर त्याच्याही मनात आलं होतं की सुधारलेला माणूस इथवर पोहोचला की हेच पक्षी नाहीसे होतील.

हे सारे नमुने त्याने एकट्याने जमवले नाहीत. सारावाकमध्ये अली नावाचा एक मलायी पोरगा स्वयंपाकाला म्हणून राहिला. तो पक्षी मारायला, सोलायला, भरायला शिकला, तापात वॉलेसची शुश्रूषा करत राहिला. १८५८ मध्ये बाचान बेटावर एक अनोळखी स्वर्गीय पक्षी पहिल्यांदा अलीच घेऊन आला. छातीवर हिरवी चमक, खांद्यातून निघालेली लांब पांढरी पिसं. शास्त्रीय नावात तो पक्षी वॉलेसचा झाला. १८६२ मध्ये निरोप घेताना वॉलेसने सिंगापूरला अलीचा फोटो काढवून घेतला. कोट घातलेला, गळ्याला बो बांधलेला, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा. चाळीसहून जास्त वर्षांनी आत्मचरित्र लिहिताना म्हाताऱ्या वॉलेसने तो फोटो त्यात छापला.