वजन मोजलं, नजर राहिली

२४९ ग्रॅम. डीजेआय कंपनीच्या ‘मिनी’ मालिकेतल्या बहुतेक ड्रोनांचं हे वजन, आणि ते योगायोगाने आलेलं नाही. भारतासह बऱ्याच देशांत नियमांची पहिली पायरी २५० ग्रॅमवर आहे. कंपनीने एक ग्रॅम खाली राहून ती टाळली.

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’, २५ किलोपर्यंतचा ‘स्मॉल’ असे वर्ग केले आहेत. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवला तर त्यालाही लागत नाही, लग्नाच्या शूटिंगसारखं पैशाचं काम केलं तर लागतं. ते काढायला वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण अशा अटी आहेत. एकदा मिळालं की १० वर्षं चालतं. फी १०० रुपये, ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यायलाही १०० रुपयेच. त्याआधी त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या नियमांत २५ फॉर्म होते, ते ५ झाले. फीचे ७२ प्रकार होते, ते ४ उरले. सरकारी कागद एवढा हलका झाल्याची उदाहरणं फार नाहीत, तेव्हा हे श्रेय द्यायलाच हवं. २०१४च्या ऑक्टोबरपासून २०१८ संपत येईपर्यंत आपल्याकडे सामान्य माणसाला ड्रोन उडवायला जवळपास बंदीच होती, हे आठवलं की फरक कळतो.

नियमांचा दुसरा आकडा उंचीचा. सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगी न मागता उडवता येतं. तिसरा अंतराचा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा पट्टा सुरू होतो आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. पूर्वी पिवळा पट्टा विमानतळापासून ४५ किलोमीटरपर्यंत पसरायचा. नुसतं वर्तुळ काढून पाहा: ४५ किलोमीटर त्रिज्येचं क्षेत्रफळ सुमारे ६,३६० चौरस किलोमीटर, १२ किलोमीटरचं ४५२. म्हणजे चौदावा हिस्सा. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवरचा सिंहगड जुन्या वर्तुळात यायचा, नव्यात येत नाही. (खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी, एनडीए, मात्र शेजारीच आहे. नकाशा न बघता गडावर ड्रोन काढणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर काढावा.)

नकाशा बदलत राहतो, हे हौशी मंडळी हमखास विसरतात. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि खारघर, बेलापूर, पनवेलच्या गच्च्या एका नव्या वर्तुळात आल्या. गोव्यात मोप्याच्या नव्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली. दाभोळीचा विमानतळ तर नौदलाचाच तळ, आणि बोगमाळोचा किनारा त्याला खेटून आहे. मुंबईत याच्या जोडीला पोलिसांचे मनाई हुकूम असतात. सण, निवडणूक, सीमेवरचा तणाव अशा निमित्ताने साधारण महिनाभरासाठी ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर सरसकट बंदी येते. ती मोडली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कोणाच्या जिवाला धोका झाला तर त्याच्या दुप्पट. गडांची गोष्ट आणखी वेगळी. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग धरून ८ केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे ४ राज्याच्या संचालनालयाकडे. तिथे आकाश हिरवं असलं तरी खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

ग्रॅम, फूट आणि किलोमीटर हे तिन्ही आकडे विमानाच्या आणि डोक्यावर काही पडण्याच्या भीतीतून आले आहेत. ती भीती खरी आहे. पण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ड्रोनची तक्रार येते ती पडेल म्हणून नाही, बघतोय म्हणून. या बघण्याचा आकडा नियमांत कुठेच नाही. तो काढता मात्र येतो.

‘मिनी २’चा कॅमेरा घेऊ. फोटो ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा, दृष्टीचा कोन ८३ अंश. १२० मीटरवरून सरळ खाली बघितलं तर चौकटीत १७० बाय १२७ मीटरचा, म्हणजे सव्वापाच एकरांचा तुकडा मावतो. एका पिक्सेलच्या वाट्याला सव्वाचार सेंटिमीटर येतात. माणसाचा चेहरा साधारण १५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे या फोटोत तो साडेतीन ठिपक्यांचा. त्यात शेजारच्या काकू आणि पाण्याची टाकी यांत फरक करणं अवघड. शिवाय वरून चेहरा दिसतच नाही, टाळू दिसते.

सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत यासाठी मापं ठरवली होती. ओळखीचा माणूस ओळखू यायला एका मीटरला १२५ पिक्सेल लागतात, अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायला २५०. ‘मिनी २’ला पहिल्यासाठी सुमारे २३ मीटरवर यावं लागतं, दुसऱ्यासाठी ११ मीटरवर. म्हणजे ४०० फुटांवरून गावाचा, नदीचा, गणपतीच्या मिरवणुकीचा शॉट घेणाऱ्यापासून कोणाच्याही खासगीपणाला फारसा धोका नाही. धोका आहे तो दहाव्या मजल्याच्या बाल्कनीसमोर दहा मीटरवर थांबलेल्या ड्रोनपासून. एक मजला तीन मीटरचा धरला तर तो जमिनीपासून ३० मीटरवर, म्हणजे परवानगीच्या उंचीच्या चौथाईवर आहे. हिरव्या पट्ट्यात असेल तर उंचीच्या नियमाने निर्दोष. त्या अंतरावर चौकट १४ मीटर रुंद होते: दोन-तीन बिऱ्हाडांच्या खिडक्या, दोरीवरचे कपडे, पाटावर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्या उलटणारी बाई, जिच्या चेहऱ्याला ४२ पिक्सेल मिळतात. नियमाने वरची मर्यादा घातली आहे. खालून आणि आडवं किती जवळ जायचं, हे सांगितलेलं नाही.

यावर हौशी फोटोग्राफर म्हणतील, मग उंच उडवू. लेन्स साधी असेल तर म्हणणं बरोबर. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘मॅव्हिक ३’वर मुख्य कॅमेऱ्याच्या जोडीला १६२ मिलिमीटरची टेलीलेन्स आहे, दृष्टीचा कोन फक्त १५ अंश. १२० मीटरवरून तिचा एक पिक्सेल ०.६३ सेंटिमीटरचा पडतो, म्हणजे मीटरला १५८. ओळखीचा माणूस ओळखण्याची पातळी ४०० फुटांवरूनच ओलांडली. या ड्रोनचं वजन ८९५ ग्रॅम, वर्ग मायक्रो, हौसेखातर उडवायला प्रमाणपत्र नको. त्याच वर्गात १.९ किलोचा साध्या कॅमेऱ्याचा ड्रोनही बसतो. दोघांत खासगीपणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि नियमाला तो दिसत नाही. (९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. लग्नाच्या मांडवावर फिरणारे ड्रोन पाहून ती आठवण्याची शक्यता कमी.)

मग कायदा अगदीच हात बांधून बसला आहे का? नाही. खासगी कृत्यात असलेल्या बाईला चोरून बघणं किंवा टिपणं यावर न्याय संहितेचं कलम ७७ आहे: पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं, पुन्हा केलं तर ३ ते ७. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई स्त्री-पुरुष भेद करत नाही. खासगी अवयवांचं चित्र संमतीविना घेतलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड. ड्रोन नियम मोडण्याचा कमाल दंड १ लाख. पण कुरडया उलटणाऱ्या बाईला यातलं काय लागू होतं? ती कपड्यांत आहे, बाल्कनीत आहे, तिचं कृत्य ‘खासगी’ ठरणं कठीण. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तिच्या मदतीला येईल असं वाटतं, पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा त्यातून वगळलेला आहे. हौशी ड्रोनवाला नेमका त्या सवलतीत बसतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. तो हक्क बाल्कनीत आणून पोचवणारं कलम अजून सापडत नाही.

त्यात उडवणारा कोण, हेच कळत नाही. २०२४च्या पावसाळ्यात बीड, जालना, नगर भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनांमुळे गावंच्या गावं जागली, चोर टेहळणी करतायत म्हणून पहारे बसले. खरं-खोटं बाजूला ठेवू; आकाशात दिसणारा दिवा कोणाच्या नावावर आहे हे खालून कळायची सोय असती तर अर्धी भीती तिथेच विरली असती. ड्रोनचा ठावठिकाणा कळवत राहणारं यंत्र सक्तीचं करण्याची तरतूद २०२१च्या नियमांत आहे, पण ‘पुढे कधीतरी, सहा महिन्यांची मुदत देऊन’ अशा भाषेत. वैतागून दगड मारावासा वाटतो, पण मारू नये. नुकसानीची तक्रार आपल्यावरच येऊ शकते. ११२ला फोन करावा आणि आजूबाजूला मान खाली घालून रिमोटच्या स्क्रीनकडे बघणारा माणूस शोधावा. एवढासा ड्रोन काहीशे मीटरवर डोळ्यांना दिसेनासा होतो, त्यामुळे उडवणारा सहसा फार लांब नसतो.

युरोपीय संघाने ३१ डिसेंबर २०२० पासून वेगळा हिशेब लावला आहे. तिथेही २५० ग्रॅमची पायरी आहे, पण त्याखालच्या ड्रोनवर माणसांची माहिती टिपू शकणारा कॅमेरा असेल तर उडवणाऱ्याला नोंदणी करावीच लागते आणि तो क्रमांक ड्रोनवर चिकटवावा लागतो. वजन आणि डोळा असे दोन प्रश्न विचारले जातात. २४९ ग्रॅमची हुशारी तिथे निम्मीच चालते.

आपल्याकडे अशा नोंदणीच्या जोडीला आडव्या अंतराची अट घालायची, समजा वस्तीच्या खिडक्यांपासून ३० मीटर, तर ‘मिनी’सारख्या साध्या लेन्सला ती पुरते, त्या अंतरावर मीटरला ९४ पिक्सेल पडतात आणि चेहरा ओळखीच्या खाली राहतो. ‘मॅव्हिक ३’च्या टेलीलेन्सला त्याच पातळीखाली ठेवायला १५२ मीटर लागतील. म्हणजे ही अट लेन्स बघून लिहावी लागेल, आणि आज नोंदणीच्या वर्गवारीत मोजला जातो तो तराजूवरचा आकडा.