अडलेली कोंबडी

अंडे पोटात तयार झाले, पण बाहेर टाकता येईना, की कोंबडी अडते. गाय किंवा शेळी अडली तर सारे घर जागे राहते. कोंबडी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी खुराड्यात मेलेली सापडते आणि मानमोडी आली असेल, एवढे बोलून विषय मिटतो. करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेले. पण गावाभोवतीच्या वस्त्यांवर दावणीशेजारी चार-दहा कोंबड्या असतातच. त्यांना ज्वारी, शिळी भाकरी आणि उकिरड्यावर जे मिळेल ते पुरते, असा सर्वसाधारण समज असतो. अडण्याचे मूळ बहुधा याच खुराकात असते.

कोंबडीच्या अंगात फक्त डावी अंडनलिका कामाची असते. बलक तिच्यात उतरल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण 24 ते 26 तास जातात आणि त्यांपैकी वीसेक तास एकट्या कवचाला लागतात. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. 100 ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम 25-30 मिलिग्रॅम. ही तूट कोंबडी आपल्या हाडांतून भरून काढते, पण किती दिवस काढणार? शिवाय अंडे ढकलणाऱ्या स्नायूंनाही आकुंचनासाठी कॅल्शियमच लागते. म्हणजे अडचण दरवेळी अंडे मोठे असल्याची नसते, ढकलायला जोर उरलेला नसतो. गावरान कोंबडी लहान अंडी घालते, काही दिवस घालून खुडूक बसते आणि तेवढ्यात तिची हाडे सावरतात. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती जास्त आणि मोठी अंडी देतात. त्यांना गावरान खुराकावर ठेवणे म्हणजे अंडी हाडांतून वसूल करणे होय. पहिलटकर तलंग, अंगाने सुटलेली जुनी कोंबडी आणि दोन बलकांचे अंडे ही आणखी काही कारणे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, की कोंबडी दाणा कमी खाते आणि धापा टाकण्यामुळेही कवचाची घडण बिघडते.

अडलेली कोंबडी ओळखता येते. ती पिसे फुलवून, शेपूट खाली टाकून, अंग उभे धरून पाय फाकवून चालते. अंड्याच्या जागेवर जाते, कण्हते, उठते, पुन्हा जाऊन बसते. शेपटीखालचा भाग सारखा आत-बाहेर होत राहतो. विष्ठा होत नाही किंवा नुसते पांढरे पाणी गळते. खुडूक कोंबडीही जागा सोडत नाही, पण ती हात लावू देत नाही, अंगावर येते. अडलेली निमूट उचलू देते. तिला काखेत धरून शेपटीखालची दोन टोकदार हाडे आणि छातीचे हाड यांच्यामधला भाग बोटांच्या पेरांनी हलकेच चाचपावा. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या त्या दोन हाडांत दोन-तीन बोटे मावतात, आणि अडलेले अंडे तिथेच कडक गोळ्यासारखे लागते. दाबून पाहू नये.

उपचाराला घमेले आणि कोमट पाणी पुरते. कोपर बुडवल्यावर चटका न बसता ऊब लागेल इतपत पाणी घेऊन कोंबडीला पोटापर्यंत वीस-तीस मिनिटे बसवावे. पाणी निवले की थोडे गरम पाणी बाजूने ओतावे, अंगावर नव्हे. सुरुवातीला ती फडफडते, मग मान टाकून डोळे मिटते. बुडू नये म्हणून छातीखाली हात असू द्यावा. उबेने स्नायू सैल होतात. नंतर अंग नीट पुसून, नखे कापलेल्या बोटावर हातमोजा चढवून, गोडे तेल किंवा व्हॅसलीन लावून ते गुदद्वाराच्या आतल्या कडेला फिरवावे. पाणी पाजावे, घरात जनावरांचे द्रवरूप कॅल्शियम असेल, तर मात्रा डॉक्टरांना विचारून चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने द्यावे. विड्याचा चुना मात्र देऊ नये, तो दाहक असतो. मग खोक्यात भुसकट पसरून, अंधारात, उबेला एकटी ठेवावी. पुष्कळदा तासा-दोन तासांत अंडे पडलेले दिसते. नाही पडले, तर शेक पुन्हा द्यावा.

सगळ्यात घातक चूक अंडे आत फोडण्याची. कवचाच्या कपच्या नलिका चिरतात, बलक आत पसरतो आणि कोंबडी संसर्गाने जाते. पोट दाबून अंडे काढायला गेले, तर अंडनलिकाच बाहेर येते. तसे झाल्यास तो लाल भाग कोमट पाण्याने धुऊन ओला ठेवावा आणि कोंबडी तात्काळ वेगळी करावी, कारण रक्त दिसले की बाकीच्या त्यावर चोची मारतात. अर्ध्या दिवसात सुटका झाली नाही, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करावा. डॉक्टर कॅल्शियम टोचतात. वेळ पडली तर सुईने अंड्यातील द्रव ओढून कवच आतल्या आत दबू देतात. हे घरी करण्याचे काम नव्हे.

सुटलेली कोंबडी एक-दोन दिवस वेगळी ठेवून तिची विष्ठा पाहावी. पुढची तजवीज खुराकात करावी. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. त्यासाठी शिंपल्याचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला हवा, ती तो स्वतः टिपते. कवच मुख्यतः रात्री चढते, म्हणून भांडे संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरण्याआधी भरलेले असावे. भाजून कुटलेली अंड्यांची टरफले चालतात, पण ती ओळखू न येण्याइतकी बारीक हवीत, नाहीतर अंडी फोडून खायची खोड लागते.