सामी ते शमी: डिस्कव्हरी गार्डन्समधून भुताखेतांची सुपरफास्ट सफर

डीजीकरांनो, रेडी? दुबईत जेबेल अलीजवळ नखील कंपनीनं वसवलेल्या आपल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बागा सहा: झेन, मेडिटरेनियन, मुघल, कॅक्टस, मेसोअमेरिकन आणि कंटेम्पररी. आणि भुतं? मोजायला बसलात तर करक चहाचे चार कप संपतील!

आजच्या पार्टीचे यजमान आहेत अमिरातीचे जिन्न. मुंबई-कोकणातून आलेत वाघोबा, वेतोबा आणि सटवाई. चीफ गेस्ट थेट आर्क्टिकहून: सामी लोकांचे दगडदेव, सूर्यदेवी आणि राक्षस. सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पातले मूलनिवासी. रेनडिअर पाळणं ही त्यांची जगप्रसिद्ध ओळख. वाळवंट, बर्फ आणि सह्याद्री यांचं हवामान कुठेच जुळत नाही, पण गोष्टी अशा जुळतात की बघतच राहाल. वाचताना फक्त एक शोधत राहा: यातलं प्रत्येक भूत कुणाला तरी सांभाळतंय. कुणाला? ओळखा पाहू!

तुमचा क्लस्टर, तुमचं भूत

झेनवाल्यांनो, जपानी झाडांत कोदामा राहतात. त्यांचं झाड तोडलं की तोडणाऱ्याची खैर नाही! मेडिटरेनियनवाल्यांच्या वाट्याला ग्रीक वृक्षपऱ्या. झाड मेलं की परीही मेली. मेसोअमेरिकनवाल्यांना पिसांचा साप केत्झालकोआत्ल. मुघलवाल्यांना अकबरानं चितारून घेतलेल्या हमजानाम्यातले राक्षस आणि पऱ्या. चित्रं थोडीथोडकी नाहीत, सुमारे १४००! कॅक्टसवाल्यांनो, रुसू नका, वाळवंटाचे जिन्न तुमचेच. आणि कंटेम्पररीला? आपला मुंजा! आदित्य सरपोतदार यांच्या २०२४ च्या ‘मुंज्या’नं कोकणातल्या पिंपळावरचं हे पोरगं थेट १०० कोटींच्या क्लबात नेऊन बसवलं.

अत्तर आधी, विळा नंतर

उम्म दुवैस माहीत आहे का? अमिरातीतली सर्वांत ग्लॅमरस जिन्न! रात्रीच्या अंधारात आधी अत्तराचा घमघमाट येतो, मग दागिन्यांनी मढलेली सुंदरी दिसते. भुलून मागे गेलात की संपलंच. तिच्या हाताशी विळा असतो आणि पाय असतात गाढवाचे! आपल्या हडळीचे पाय उलटे, हिचे गाढवाचे. थोडक्यात काय, अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर सेफ्टी टिप एकच: आधी पाय बघा!

भर दुपारची गाढवीण

‘हमारत अल गायला’, म्हणजे दुपारची गाढवीण! आखातातल्या आया-आज्या पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या: भर उन्हात बाहेर हुंदडणाऱ्या पोरांना ती पकडते. आपल्याकडेही भर बाराच्या वेळी विहिरीवर जायची बंदी. तिथे पाण्यातल्या सात आसरा असतात ना!

आता ऐका ट्विस्ट. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर, थेट उन्हात काम करायला कायद्यानं मनाई आहे. जे सरकारनं नियम करून सांगितलं, ते गाढविणीनं कधीच सांगून ठेवलं होतं!

शिट्टी? नको रे बाबा!

‘रात्री शिट्टी वाजवू नकोस, साप येतो.’ हा डायलॉग ऐकल्याशिवाय एकही मराठी बालपण पूर्ण होत नाही. सामी आज्याही तेच सांगतात, फक्त त्यांचा साप आभाळात असतो! उत्तर ध्रुवीय प्रकाश आकाशात नाचत असताना शिट्टी वाजवायची नाही आणि त्याला चिडवायचंही नाही. नाहीतर तो खाली उतरून तुम्हाला उचलून नेईल. हजारो किलोमीटरचं अंतर, पण आजी नावाच्या रेडिओ स्टेशनवर बातमी सेम टू सेम!

वाचवा, वाचवा! पण कोण ओरडतंय?

तेलाआधी या किनाऱ्याचं पोट मोत्यांवर चालायचं. मोती काढणाऱ्या गलबतांवर रात्री पाण्यातून हाक यायची, कुणीतरी बुडतंय असं वाटायचं. पण खलाशी लगेच उडी मारत नसत. तो बाबा दर्या असायचा, समुद्रातला जिन्न! दया दाखवून वर घेतलं की गलबतावर गोंधळ घालणार. काळोख्या पाण्यात विचार न करता झेप घेऊ नका, हा धडा यापेक्षा झणझणीत कोण देणार?

मोतीवाल्यांचंच एक गाव रास अल खैमात आहे, अल जझीरा अल हमरा. १९६८ मध्ये माणसं गाव सोडून गेली आणि जिन्न राहायला आले, असं म्हणतात. हॉरर सिनेमांचा बादशहा टोबी हूपर यालाही राहवलं नाही. याच वस्तीच्या दंतकथेवर त्यानं ‘जिन्न’ काढला, २०१३ मध्ये. तो त्याचा शेवटचा सिनेमा ठरला!

मॉलच्या नावातला उंदीरमामा

वीकेंडला इब्न बतूता मॉलच्या इंडिया कोर्टात चक्कर मारता ना? माहीत आहे का, ज्याच्या नावाचा हा मॉल, तो चौदाव्या शतकातला प्रवासी खुद्द आपल्या दौलताबादला येऊन गेला होता! त्यानं लिहून ठेवलंय की देवगिरीच्या किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरांहून मोठे उंदीर होते. मांजरंच त्यांना बघून धूम ठोकायची! टॉम अँड जेरीच्या सहाशे वर्षं आधीची ही जेरीची विजयगाथा, तीही मेड इन महाराष्ट्र.

सामी भेटले, आता शमी!

ड्रमरोल प्लीज! अमिरातीचं राष्ट्रीय झाड कोणतं? गाफ. आणि गाफ म्हणजे? आपली शमी! होय, दसऱ्याला पूजतो तीच, बाप्पाच्या पत्रीत असते तीच. राजस्थानात हीच खेजडी. मुळं पाण्याच्या शोधात पार ३० मीटर खोल जातात, म्हणून वाळवंटातही हिरवीगार. २०१९ हे वर्ष अमिरातीनं सहिष्णुतेचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा बोधचिन्हावर मानानं विराजमान झाली तीही गाफच.

आता महाभारतातली हॉरर स्टोरी. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं शमीवर लपवली, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांनी झाडाला एक प्रेतही बांधून ठेवलं, हे माहीत आहे का? कुणी जवळ फिरकूच नये म्हणून! जगातली ही बहुधा सर्वांत भीतिदायक सिक्युरिटी सिस्टीम.

आणि १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात याच झाडांना मिठी मारून अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. झाडासाठी माणसं मरतात, तेव्हा ते झाड नुसतं लाकूड राहत नाही.

डीजीकरांसाठी बोनस: जेबेल अलीचं हिंदू मंदिर सर्वांसाठी खुलं झालं तो दिवस होता ५ ऑक्टोबर २०२२. तिथी? दसरा!

नॉर्वेला पडली वाघोबाची भुरळ

मुंबईच्या उंबरठ्यावर बिबटे फिरतात आणि वारली पाड्यांवर त्यांचा देव बसतो: वाघोबा. लाकडावर किंवा दगडावर वाघ, सोबत सूर्य आणि चंद्र. वाघबारशीला नैवेद्य ठरलेला. बोलीही ठरलेली: आम्ही तुला मान देतो, तू आम्हाला आणि आमच्या गुरांना सांभाळ.

हे समजून घ्यायला कोण आलं, माहीत आहे का? वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी इंडियाबरोबर चक्क नॉर्वेची निसर्ग संशोधन संस्था! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमधली वाघोबाची तब्बल १५० ठाणी नोंदली गेली. माणूस आणि बिबट्या शेजारी कसे नांदतात, याचं एक उत्तर संशोधकांना या ठाण्यांत सापडलं.

साइज काय, देवा?

वेंगुर्ले तालुक्यातलं आरवली. इथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो. मग चपला झिजणारच! म्हणून भक्त नवस फेडायला केळ्यांचा घड आणतात आणि सोबत चामड्याच्या चपलांचा जोड. जोडही असा अगडबंब की त्यात तुमची दोन्ही पावलं एकदम मावतील. देवळात जाताना आपण चपला बाहेर काढतो, इथे चपलाच आत जातात!

दगड तोच, तेल वेगळं

बांधावरचा दगड, त्याला शेंदूर, समोर नारळ: झाला म्हसोबा. सामी लोकांचा सिएदी असाच, रानात किंवा तळ्याकाठी एकटा उभा असलेला चमत्कारिक आकाराचा दगड. मासेमारी करणारे त्याला माशाची चरबी चोपडायचे, रेनडिअरवाले शिंगं वाहायचे. जे मिळालं त्यातला वाटा ज्यानं दिलं त्याला परत. हावरटपणाला इथे एंट्री नाही!

सूर्याला लोणी लावा

खरंच लावायचे! उत्तरेत हिवाळ्यात सूर्य कित्येक दिवस उगवतच नाही. मग त्याची किरणं परतू लागली की सामी घरांच्या दारांना लोणी फासलं जायचं. थकूनभागून आलेल्या सूर्यदेवी बेइवीनं ते चाटावं आणि तब्येत सुधारावी! आपण रथसप्तमीला गोवऱ्यांवर बोळक्यात दूध तापवतो आणि सूर्यासमोर मुद्दाम उतू घालवतो. एकाचं लोणी, एकाचं दूध. सूर्याचा डेअरीचा कोटा फिक्स!

सामींच्या झेंड्यावरचं वर्तुळही सूर्य-चंद्राचंच आहे. लाल भाग सूर्य, निळा चंद्र. झेंडा स्वीकारला गेला १९८६ मध्ये.

बाळाची नाइट ड्यूटी

बाळाच्या पाचवीला कोरा कागद आणि पेन कशाला ठेवतात? रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून! सामी घरात ही ड्यूटी साराह्काकडे. तिचा मुक्काम चुलीपाशी, काम बाळंतिणीला सांभाळण्याचं. बाळ झालं की तिच्या नावानं लापशी शिजायची आणि बाया मिळून खायच्या. तिची एक बहीण दाराशी पहारा देते, उक्साह्का. चुलीपासून दारापर्यंत फुल सिक्युरिटी, तीही लेडीज स्पेशल!

एल्साचं सामी कनेक्शन

घरात ‘फ्रोझन’चं वेड आहे? मग हे घ्या! पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीचं समूहगान सामी वंशाच्या फ्रोदे फ्येलहाइम यांचं. त्याची प्रेरणा ‘योइक’, सामींची पारंपरिक गायकी. माणसाचा स्वतःचा योइक असतो, रेनडिअरचा असतो, डोंगराचाही असतो! २०१९ च्या दुसऱ्या भागासाठी डिस्नेनं सामी प्रतिनिधींशी रीतसर करार केला आणि सिनेमा उत्तर सामी भाषेतही आणला.

सामी परंपरेचा इतिहास मात्र काळीज हलवतो. सामी भगत, म्हणजे नोआइदी, ढोल वाजवून आत्म्यांशी बोलायचे. मिशनऱ्यांनी ढोल जप्त केले, जाळले. जुने ढोल आज जेमतेम ७० उरलेत. अँडर्स पॉल्सन या वृद्धाचा ढोल १६९१ मध्ये हिसकावला गेला. त्याची मालकी सामी संग्रहालयाकडे परत आली २०२२ मध्ये. तीनशेहून जास्त वर्षांनी! डेन्मार्कच्या मालकीतून ढोल सुटला, याचा आनंद आपल्यालाही व्हायला हवा.

गाणं म्हणा, उंट येईल

वाळवंटात उंटांना हाकारायची खास गायकी आहे, अल हिदा. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. सामी रेनडिअरसाठी योइक गातात. आपले शेतकरी मोट ओढणाऱ्या बैलांसाठी गाणी म्हणायचे. जनावराला हाक मारायची तर सुरातच मारायची, यावर तिन्ही मुलुखांचं एकमत!

रेनडिअरची आणखी एक जादू: त्याच्या डोळ्यांची आतली चकाकी उन्हाळ्यात सोनेरी असते आणि हिवाळ्यात निळी होते. कॉन्टॅक्ट लेन्स न लावता!

पंखवाले सेलिब्रिटी

डीजीच्या हिरवळीवर तुरेवाला, लांब चोचीचा पक्षी टोचा मारताना दिसला तर मान द्या. तो हुदहुद, सुलेमान बादशहाला शेबाच्या राणीची खबर आणणारा! २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या चक्रीवादळाचं नावही हुदहुदच. ते सुचवलं होतं शेजारच्या ओमाननं.

ससाण्याला तर इथे २००२ पासून स्वतःचा पासपोर्ट मिळतो आणि तो विमानात सीटवर बसून जातो!

आणि पितृपंधरवड्यातला आपला कावळा? त्यानंही समुद्र ओलांडलाय. भारतीय गावकावळा जहाजांवर बसून आखातातल्या बंदरांपर्यंत पोचला. व्हिसा नाही, तिकीट नाही, थेट काव काव!

बुवा आला रे आला

सामी पोरांचा बागुलबुवा म्हणजे स्टाल्लू. धिप्पाड, पोरं खाणारा, पण अकलेनं ढ! गोष्टीत शेवटी हुशार सामीच त्याला गंडवतो. नाताळच्या रात्री मात्र घरात पाणी भरून ठेवायचं. तहानलेला स्टाल्लू आला आणि पाणी दिसलं नाही, तर तो मुलांचा मेंदूच शोषून घेतो म्हणे! मग काय, पाणी भरण्याचं काम पोरं स्वतःहून करणार.

मास्तर, भुतांवर निबंध लिहा!

हे खरंच घडलंय. कोकणातली भुतं, देवचार, झाडं, विहिरी यांची माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावली पाठवून गोळा केली गेली. संग्राहक होते ए. एम. टी. जॅक्सन, ज्यांच्यावर १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी गोळी झाडली तेच कलेक्टर. त्यांच्या मागे एन्थोव्हन यांनी सामग्री संपादित केली आणि १९१५ मध्ये ग्रंथ आला. मास्तरांनी उत्तरं लिहिली म्हणून कितीतरी गोष्टी वाचल्या!

तर, उत्तर काय?

सुरुवातीचा प्रश्न आठवतोय ना? भुतं सांभाळतात कुणाला? गाढवीण उन्हातल्या पोराला, बाबा दर्या खलाशाला, कोदामा झाडाला, वाघोबा बिबट्यालाही आणि माणसालाही. भीती हे वरचं रॅपर, आत आहे काळजी! आणि काळजी सांगायला गोष्टीइतकं भारी माध्यम अजून कुणालाही सापडलेलं नाही.

म्हणून आज चॅलेंज! संध्याकाळी बोटिमवर गावी फोन लावा. आजीला, काकांना, मामीला विचारा: ‘आपल्या गावात राखणदार कोण? कुठल्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि का?’ पोरांना स्क्रीनसमोर बसवा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. मग समोरच्या फ्लॅटमधल्या केरळी, फिलिपिनो, इजिप्शियन शेजाऱ्यांनाही त्यांचं भूत विचारा. शंभर वर्षांपूर्वी मास्तरांनी केलं ते काम आज तुमच्या फोनवर होतं. चला, लावा फोन!