‘हॅव’ आणि मराठीतील स्वामित्वरचना

‘हॅव’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत एकास एक असा प्रतिशब्द नाही. ‘बाळगणे’ हे क्रियापद त्याच्या सर्वांत जवळचे. पण शस्त्र बाळगता येते, वैर बाळगता येते, भाऊ मात्र बाळगता येत नाही. ही मराठीची उणीव मानण्याचे कारण नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे क्रियापद असणाऱ्या भाषाच अल्पसंख्य असल्याचे दाखविले आहे.

‘हॅव’चे मूळ ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूत आहे. लॅटिनमधील ‘हाबेरे’ त्याच्यासारखे दिसते व अर्थही तोच. तथापि त्याचा खरा सगोत्र ‘कापेरे’, म्हणजे ‘धरणे’, हा होय. धरणारा अर्थातच कर्ता होतो. मराठीत याच्या उलट घडते. ‘मला एक बहीण आहे’, ‘मला दोन बहिणी आहेत’ या वाक्यांत क्रियापद बहिणींच्या वचनाप्रमाणे बदलते. ‘मला’ चतुर्थीत बाजूला उभा राहतो. पूर्णकाळातही हाच भेद आढळतो. इंग्रजीतील पूर्णकाळाचे साहाय्यक ‘हॅव’ मूळच्या ‘त्याच्यापाशी लिहिलेले पत्र आहे’ अशा अर्थाच्या रचनेतून आले, तर ‘त्याने चिठ्ठी लिहिली आहे’ येथे मराठीने ‘असणे’च वापरले व क्रियापद चिठ्ठीच्या स्वाधीन केले.

एका क्रियापदाचे काम मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये वाटून घेतात, आणि ही वाटणी अर्थपूर्ण आहे. ‘माझ्याजवळ किल्ली आहे’ म्हणणाऱ्याच्या खिशात ती आहे. ‘माझ्याकडे किल्ली आहे’ म्हणणाऱ्याच्या ताब्यात आहे, कदाचित घरी राहिलेली. ‘त्याला दहा एकर जमीन आहे’ हे मालकीचे विधान झाले. ‘त्याच्याकडे दहा एकर जमीन आहे’ यात ती दुसऱ्याची, कसायला घेतलेली असण्यास वाव उरतो. ‘मला दोन मुलगे आहेत’ हे नाते, तर ‘माझ्याकडे दोन मुलगे आहेत’ म्हटल्यास ते कोणाचे, असा प्रश्न पडावा. गुणांसाठी सप्तमी येते: ‘तिच्यात धमक आहे’. ‘चहा घेणे’, ‘जावे लागणे’, ‘घर रंगवून घेणे’ हे ‘हॅव’चे इतर प्रयोग तर ‘असणे’ला शिवतही नाहीत.

अलीकडील अनुवादित गद्यात या सर्वांच्या जागी सरसकट ‘कडे’ येऊ लागले आहे. ‘त्याच्याकडे तीन भाऊ आहेत’, ‘या गावाकडे मोठा इतिहास आहे’ अशी वाक्ये छापली जातात. (दुसऱ्या वाक्यातील ‘गावाकडे’ वाचताच मराठी वाचकाचे मन इतिहास सोडून दिशेकडे वळते, हे अनुवादकाच्या लक्षात येत नाही.) येथे नुकसान केवळ शैलीचे नाही: मालकी, ताबा व नाते यांतील फरक वाक्यातून नाहीसा होतो. करारपत्राच्या अनुवादात मालकी आणि ताबा यांची अशी गल्लत महागात पडू शकते.

मात्र प्रत्येक ‘कडे’ला इंग्रजीची छाया म्हणणे अन्यायाचे होईल. ‘मला वेळ नाही’च्या शेजारी ‘माझ्याकडे वेळ नाही’ आता रुळले आहे, आणि त्यात हिंदीतील ‘मेरे पास’चा वाटाही असणे शक्य आहे. शिवाय ‘मला वेळ नाही’ यात टाळण्याची जी किंचित छटा आहे ती दुसऱ्या वाक्यात तितकी जाणवत नाही. तिथे वेळ खरोखरच शिल्लक नसतो.