आपली खूण, आपली ओळख

आता मोबाइलवरही दुकान मांडता येते. त्याला वेबसाइट म्हणतात. बचत गटातल्या बायका तिच्यावर पापड, मसाले विकतात. पण अशी दुकाने हजारो आहेत. गिऱ्हाईक आपले दुकान ओळखणार कसे? त्याला खूण पाहिजे.

खुणेचे बळ आपल्या देशाने पाहिले आहे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा शंभरातल्या सुमारे ८० माणसांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चित्र लावले. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाचा दिवा. चित्र पाहिले की पेटी कळे. चित्रे साधी होती, रोजच्या पाहण्यातली होती आणि एकासारखे दुसरे नव्हते.

वेबसाइटचेही तसेच आहे. आम्ही सांगतो, एकच चित्र घ्या. ते नखाएवढे केले तरी कळले पाहिजे. रंग एक-दोनच ठेवा. दुसऱ्याची खूण उचलू नका. तीच खूण पाकिटावर, पाटीवर आणि वेबसाइटवर लावा. दर दिवाळीला ती बदलू नका.

पण मंडळी, खूण चोरता येते. ठक तेच चित्र लावून खोटे दुकान मांडतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे लुबाडतो. म्हणून वेबसाइटचा पत्ताही पाकिटावर छापा. गिऱ्हाइकाला सांगा, "पैसे देण्याआधी मोबाइलवरचा पत्ता या पत्त्याशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळे दिसले तरी पैसे देऊ नका."

खूण लांबून ओळख पटवते. खात्री मात्र अक्षरेच देतात.